ते भात, तो भात

'भात म्हणजे शिजवलेला तांदूळ. उभ्या पिकाला भात म्हणणं ही रायगडची गावंढळ बोली,' असं अनेकांना वाटतं. त्यांनी एकदा पावसाळ्यात अलिबाग-पेणच्या खारेपाटात यावं. इथे भात लावतात, कापतात, झोडतात. गिरणीत भरडलं की त्याचा तांदूळ होतो आणि चुलीवर शिजला की पुन्हा भात. तरी ऐकणाऱ्याचा घोळ होत नाही, कारण लिंग वेगळं आहे. खाचरातलं 'ते' भात, पानातला 'तो' भात. 'भात चांगलं झालंय' म्हटलं की पिकाची बातमी आणि 'भात चांगला झालाय' म्हटलं की रांधणारीचं कौतुक! इतकी बारीक सोय करणाऱ्या बोलीला गावंढळ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. याच खारेपाटात १९३३ ते १९३९ या काळात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, तो खंड म्हणून घातलं जाणारं हेच भात पिकवायचं नाकारून.

शिजवलेला हा अर्थ जुना, एवढं मात्र खरं आहे. संस्कृत 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ. प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं. म्हणजे ताटातला अर्थ आधीचा, शेतातला नंतरचा. पण नंतरचा म्हणून तो चुकीचा ठरत नाही. बंगालीत हा शब्द उलट दिशेने, ताटातच, पसरला आहे. तिथे 'भात खाल्लास का?' या प्रश्नात सगळं जेवण येतं. आपल्याच राज्यात भंडारा-गोंदियाकडे उभ्या पिकाला धान म्हणतात, भात फक्त शिजवलेला.

दुसरा गैरसमज गोव्यात होतो. कोकणीतलं 'शीत' ऐकून कुणाला थंड पदार्थ आठवतो, तर कुणाला भाताचा एकच दाणा. कोकणीत शीत म्हणजे गरमागरम शिजलेला भात, आणि 'भात' म्हणजे टरफलासकट धान्य. थंडीच्या 'शीत'शी याचं नातं नाही. हे आलं संस्कृत 'सिक्थ'वरून. मराठीने त्यातला एक कण ठेवला ('शितावरून भाताची परीक्षा'), कोकणीने सगळं पातेलं.

भाषा सख्ख्या, म्हणून सारख्या शब्दाचा अर्थही सारखाच, ही समजूत तर जगभर फसते. फिलिपिन्समध्ये 'लांगगाम' म्हणजे तागालोगमध्ये मुंगी, तर शेजारच्या सेबुआनोत पक्षी. भाताच्या बाबतीत तागालोग भाषकांनी कामं वाटून टाकली आहेत. शेतातलं ते 'पालाय', बाजारातले तांदूळ 'बिगास', ताटातला भात 'कानिन'. आपण जे काम लिंगावर भागवतो, त्यासाठी त्यांनी वेगळे शब्द ठेवले.

आणि गुजरातीतली पटोळ्यावरची 'भात', म्हणजे नक्षी? उच्चार तोच, पण ती 'भक्ति' या शब्दातून आली आहे. तिथे भक्ती म्हणजे विभागणी, आखलेल्या रेषा. तांदळाशी तिचा संबंध नाही.