चुलीचा धूर कोणत्या विषयात येतो?

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी आम्हाला विचारलं, "लेकीला पर्यावरण शिकायचंय, पण ती आर्ट्‌सला आहे. सायन्स नसल्यावर कुठलं पर्यावरण?" हा समज घरोघरी आहे आणि काही कॉलेजांतही आहे. म्हणून आज आपल्या चुलीपासूनच सुरुवात करू.

चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळतात. हवा कमी पडली की जळण पुरतं जळत नाही, धूर होतो. हे रसायनशास्त्र. धुरातले बारीक कण फुप्फुसात जातात, हे वैद्यकशास्त्र. यावर उपाय सोपा वाटतो: चूल बदला, धुराडं बसवा. १९८०च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. निर्धूर चूल म्हटलं की आपल्या सासवांना आठवेल. तरी धूर गेला नाही.

का गेला नाही, हे पाहिलं अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातली सुमारे २,६०० घरं चार वर्षं पाहिली. नव्या चुलीमुळे पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. घरांनी ती चूल नेमानं वापरली नाही, डागडुजीही ठेवली नाही.

आता पुढचे प्रश्न बघा. डागडुजीचे पैसे कोणाच्या हातात असतात? भाकरी त्या चुलीवर फुगते का? गॅस आला, तरी दुसरा सिलिंडर भरायचा की नाही हे घरात कोण ठरवतं? जळण फुकटचं म्हणतात, मग मोळी आणायला गेलेली दुपार कुणी मोजली? हे समाजशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे. धूर मोजायचं यंत्र याचं उत्तर देत नाही. चुलीपुढे बसलेल्या बाईशी बोलता येणारी मुलगी ते काढून आणू शकते.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण शिकवायचे निर्देश दिले. पुढे यूजीसीनं पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा विषय लावला. त्याचं पुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एराच भरुचा यांनी, जे पेशानं सर्जन! पण पुष्कळ ठिकाणी तो विषय पास होण्यापुरताच राहिला. आमच्यातल्या काहींनी प्रकल्प म्हणून मैत्रिणीची वही उतरवली होती, हे कबूल करतो.

तर ताई, पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी सायन्सची पदवी लागते, हे खरं. पण भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा या वाटा उघड्या आहेत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' ही ओळ लेकीला शोधायला सांगा. आणि प्रवेशाआधी विचारून घ्या, की अभ्यासासाठी मुलांना गावात नेतात की सगळं वर्गातच उरकतात.