स्कीच्या उतारांचे रंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्की रिसॉर्टच्या नकाशावर प्रत्येक मार्गाला दिलेला रंग हे काठिण्याचे जागतिक मोजमाप असून आपल्याला झेपणारा रंग एकदा कळला की तो कोठेही चालतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ सोपा, निळा चौकोन मध्यम आणि काळा चौकट-आकार अवघड मार्ग दाखवतो, तर आल्प्समध्ये निळा सोपा, लाल मध्यम व काळा अवघड मानला जातो आणि फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरव्याची एक पायरी असते. शिवाय अमेरिकी श्रेणी त्या त्या पर्वतापुरती, म्हणजे तेथील इतर मार्गांच्या तुलनेत ठरवलेली असल्यामुळे एखाद्या लहान टेकडीवरचा काळा मार्ग मोठ्या पर्वतावर निळ्यात सहज जमा होऊ शकतो.

उताराच्या आकड्यांबाबतही असाच घोटाळा होतो. जर्मनी-ऑस्ट्रियातील मानकांनुसार, छोटे टप्पे वगळता, निळ्या मार्गाचा उतार २५ टक्क्यांपर्यंत आणि लाल मार्गाचा ४० टक्क्यांपर्यंत असतो. पण टक्के म्हणजे अंश नव्हेत. शंभर मीटर आडव्या अंतरात चाळीस मीटर खाली जाणारा मार्ग ४० टक्के उताराचा असला, तरी त्याचा कोन जेमतेम २२ अंशांचा भरतो, आणि १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश.

रंग हंगामभर तोच राहतो, बर्फ मात्र तासातासाला बदलतो, ही बाब नवशिक्यांना क्वचितच सांगितली जाते. आदल्या दुपारी वितळून रात्री गोठलेल्या पृष्ठभागावर स्कीची पोलादी कड रुतत नाही, ती करकरत घसरते, आणि सकाळी नऊ वाजता निळा मार्गही काळ्याइतका धाक घालतो. तोच मार्ग उन्हाने मऊ झाल्यावर सुखद होतो, तर दुपार कलताना शेकडो वळणांनी साचलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यांमुळे पुन्हा गुडघ्यांची परीक्षा पाहतो. मार्गाची रुंदी आणि तो यंत्राने दाबून सपाट केलेला आहे की नाही, हेही उताराइतकेच महत्त्वाचे ठरते.

जितके उंच तितके अवघड, हा समजही सर्वत्र खरा नाही. फ्रान्समधील वाल दिझेर येथे वरच्या भागात सौम्य मार्ग आहेत, पण गावाकडे उतरणारे मार्ग कठीण असल्याने अनेक नवशिके दिवसअखेरीस लिफ्टनेच खाली येतात.

काश्मीरमधील गुलमर्ग येथे मात्र चित्र उलटे आहे. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील बशीसारख्या कुरणात मंद उतार व लहान ड्रॅग लिफ्ट, म्हणजे स्कीअरला बर्फावरूनच ओढत वर नेणाऱ्या दोऱ्या, असल्याने शिकणाऱ्यांची खरी जागा तीच होय. १९९८ मध्ये सुरू झालेला गोंडोलाचा, म्हणजे बंद डब्यांच्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदूरी या मधल्या स्थानकापर्यंत जातो; तेथून झाडांमधून खाली येणारा मार्ग वळणांवर ताबा असलेल्या मध्यम स्कीअरला जमतो. २००५ पासूनचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचवतो, आणि गोंडोला नेते म्हणजे उतार सुरक्षितच असणार, हा सर्वांत घातक गैरसमज येथेच भोवतो. तेथील हिमस्खलन-नियंत्रण गोंडोलालगतच्या मर्यादित क्षेत्रापुरते असते. त्यापलीकडचा डोंगर मोकळा असून त्याला रंग नाही आणि बर्फाचे थर निसटण्याचा धोका सर्वाधिक असणारे ३० ते ४५ अंशांचे उतार तेथे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवरील हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मृत्युमुखी पडले. तशा भागात केवळ कौशल्य पुरत नाही. गाडले गेलेल्याचा ठाव देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी, फावडे आणि स्थानिक मार्गदर्शक ही किमान तयारी होय. दुसऱ्या टप्प्याच्या माथ्यावरून खाली येणारा नवशिक्यांचा मार्ग नाही, म्हणून केवळ दृश्य पाहण्यासाठी वर गेलेल्याने त्याच गोंडोलातून परतावे.