इंटरनेट लागत नाही? आधी फोन उचलून ऐका

डायल-अपच्या काळात बऱ्याच गटांकडे कुणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर असायचा आणि टेलिफोनच्या वायरीवर चालणारं इंटरनेट असायचं. दहावीचा निकाल बघायचा असायचा आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर एररची चौकट यायची. मग दुरुस्तीवाल्याला बोलावणं जायचं. तो नुसतं बघायचेही पैसे घ्यायचा, आणि पुष्कळदा दोष कॉम्प्युटरमध्ये नसायचाच. म्हणून आज या एररच्या आकड्यांची ओळख करून घेऊ.

कॉम्प्युटर इथे करतो काय? फोनच लावतो. त्याच्या पोटातला मोडेम आधी डायल टोन ऐकतो, मग नंबर फिरवतो. पलीकडच्या मोडेमने उचललं की दोघांची किरकिर सुरू होते आणि शेवटी नाव आणि पासवर्ड विचारला जातो. गाडी कुठे अडली ते आकडा सांगतो.

६८० म्हणजे डायल टोनच मिळाला नाही. कॉम्प्युटरची वायर काढून तीच फोनला लावा आणि ऐका. काहीच आवाज नसेल तर लाइन बंद आहे. शेजारच्या फोनवरून १९८ ला तक्रार द्या, तक्रार क्रमांक लिहून घ्या. लाइन दुरुस्त करणं टेलिफोन कंपनीचं काम आहे, गटाचे पैसे त्यात का घालायचे? टोन येत असेल तर मोडेमची मागची बाजू बघा. तिथे सारखीच दिसणारी दोन भोकं असतात, एक लाइनचं, एक फोनचं. झाडलोट करताना काढलेली वायर हमखास चुकीच्या भोकात जाते.

टोन आहे पण खरखर आहे, हे आपल्या घोडबंदरचं खास दुखणं. खाडीचा खारा वारा, त्यात पावसाळा. तांब्याच्या तारेच्या जोडांवर हिरवं पुट चढतं. खरखरीतून माणसाला बोलणं कळतं, मोडेमला कळत नाही. वेग पडतो, मध्येच तुटतं. तक्रार देताना ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणू नका, ‘फोनवर खरखर आहे’ असंच सांगा. लाइनमनला ती भाषा लगेच समजते.

६७६ म्हणजे पलीकडे लाइन व्यस्त, ६७८ म्हणजे कुणी उचललंच नाही. नंबर नीट घातला आहे ना तेवढं बघा आणि थोड्या वेळाने लावा. निकालाच्या दिवशी तर हे व्हायचंच.

६९१ मात्र खिशाला लागतो. इथे नाव किंवा पासवर्ड पटलेला नसतो, पण फोन लागलेला असतो, म्हणजे दर खेपेचा कॉल बिलात चढतो. कॅप्स लॉकचा दिवा पेटलेला नाही ना? विकत घेतलेले तास संपले नाहीत ना? दोनदा जमलं नाही तर हात आवरा, आधी हे तपासा.

६३३ आला तर मोडेम दुसऱ्या कामात अडकलेला असतो. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही तोच आकडा आला, तर मात्र दुरुस्तीवाल्याला बोलवा.

आणि हो, चालू इंटरनेट अचानक तुटलं तर आतल्या खोलीत आजींनी फोन उचलला नाही ना, ते विचारा. वीज कडाडू लागली की नुसता प्लग काढून भागत नाही, टेलिफोनची वायरही काढून ठेवा. त्या वायरीतून आलेली वीजही मोडेम जाळते.