सासरच्या पाण्याचा काय दोष?

लग्नाची तारीख निघते आणि ब्लाउजचं माप द्यायच्या आत दहा किलो उतरवायचा पण होतो. भात-पोळी बंद, रात्री नुसती काकडी. वजन उतरतंही. लग्न झकास होतं. मग महिना-दीड महिन्याने सासरच्या न्हाणीघरातली जाळी केसांनी तुंबते आणि दोन्हीकडच्या बायका निदान करून मोकळ्या होतात, ‘पाणी बदललं ना!’

पाणी बिचारं निर्दोष. जे घडायचं ते आधीच माहेरी घडलेलं असतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, मग तीनेक महिने मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो. एरवी शंभरातले दहा-पंधरा केसच असे बसलेले असतात, म्हणून रोज ५० ते १०० गळले तरी कळत नाही. पण पोटाला चिमटा बसला की शरीर आधी हृदय-मेंदूला वाढतं. केसांची पंगत शेवटची. वाढीतले कितीतरी केस मुदतीआधीच एकदम बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम उठून जातात. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली याला ‘टेलोजेन इफ्लुव्हियम’ हे नाव दिलं. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर केस जातात तेही असेच. बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं जुन्या बायका म्हणत. कारण चुकलं असेल, हिशेब मात्र अचूक!

१९७६ साली गोएटे आणि ओडम या डॉक्टरांनी अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात नऊ जणांची हकिगत छापली. कडक डाएट सुरू केल्यावर दोन ते पाच महिन्यांनी त्यांचे केस भसाभस गळले आणि पुढे परत आले. आजच्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचंही तसंच. वेगोव्हीच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे तिघांनी केसगळती सांगितली, औषधाविना सुमारे एकाने. वजन जास्त उतरलेल्यांत ती अधिक दिसली.

खरी मौज तेलाची. गळती ऐन भरात असताना महागडी बाटली येते, आपसूकच गळती थांबायच्या सुमाराला ती संपते, आणि तेलाचं नाव गावभर होतं. उपासमार थांबली तर ही गळती बहुधा सहा महिन्यांत आटोपते.

उसळ, डाळ, अंडी, मासे यांना मात्र ताटात परत घ्या. गळलेल्या केसाच्या टोकाशी बारीक पांढरी गाठ दिसली तर घाबरू नका, मूळ डोक्यातच असतं. पण सहा महिन्यांनंतरही गळत असेल, भांग रुंदावत असेल किंवा चकत्या पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासून घ्या. तपासणीआधी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकतात.

नवा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंत यायला त्याला दोन-अडीच वर्षं लागतात.