माफी कशाची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब बामणोलीला गेलो होतो. साताऱ्याहून कासचे पठार मागे टाकले, की रस्ता खाली उतरतो आणि शिवसागराचे निळे पाणी एकदम डोळ्यांत भरते. मुले होडीकडे धावली. आम्ही दोघे एका घराच्या ओसरीवर पिठलं-भाकरीची वाट पाहत बसलो. घरच्या मावशींनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखल्या होत्या. मी प्राध्यापक आहे असे कळताच त्यांनी विचारले, "सर, पर्यटनाला सरकारनं करमाफी दिली म्हणत्यात. आमाला काय मिळंल?"

मी पडलो मराठीचा माणूस. अलंकार विचारले असते, तर चटकन सांगितले असते! घरी आल्यावर मात्र मी सरकारी धोरण मिळवून वाचले.

राज्याने २०२४ साली नवे पर्यटन धोरण आणले. दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार, हा त्याचा संकल्प. त्यासाठी राज्याच्या वाट्याच्या वस्तू व सेवा कराचा परतावा, मुद्रांक शुल्कात आणि वीजशुल्कात सूट, अशा सवलती आहेत. पण सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असली, तर सामान्यतः या कराची नोंदणीच लागत नाही. जो कर भरलाच नाही, त्याचा परतावा कोठून येणार? मुद्रांक शुल्क वाचते ते जमीन विकत घेणाराचे. मावशींची जमीन वडिलार्जित. कोयना धरणाच्या पाण्यातून वाचली तेवढी.

वाचकहो, करमाफी या मुलखाला नवी नव्हे. वाईजवळचे मेणवली गाव नाना फडणविसांना इनाम मिळाले. त्यांनी तेथे वाडा उठवला, कृष्णेला सुंदर घाट बांधला. आजही आपण तो पाहायला जातो. पण इनामात रयतेचा सारा सुटत नसे. तो सरकारऐवजी इनामदाराकडे जाई, एवढेच. तरी नानांनी नदीला घाट तरी दिला. आजचा सवलतदार नदीला काय देणार, हे विचारायला नको का?

खाली सांगलीकडे प्रश्न निराळा. औदुंबरचे दत्तस्थान, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, सारे नदीकाठी. पण २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना ठाऊक आहे, की पूररेषेच्या आत उभारलेले विश्रामगृह कोणत्याही करमाफीने वाचत नाही.

मग मावशींचे काय? २०२३ च्या 'आई' धोरणात एक वाट सापडली. स्त्रीच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा, ठराविक मर्यादेत, शासन देते. लहान माणसाला माफीपेक्षा भांडवल हवे असते. अडचण इतकीच, की बँकेने तारण मागितले, तर सातबाऱ्यावर मावशींचे नाव असेलच असे नाही.

यंदाही बामणोलीला जाणार आहोत. मुलांनी फराळाचा डबा बांधायचा ठरवला आहे. मी पिशवीत योजनेची माहिती आणि अर्जाचा नमुना ठेवला आहे. सातबाऱ्याची गोष्ट मात्र काकांसमोरच काढावी लागेल.