मला आवडलेल्या तीन तबकड्या



आवडीनिवडीविषयीं बोलणें हें तसें धोक्याचें काम आहे. जेवणांतली आवड सांगितली तर माणूस फार तर खवय्या ठरतो. पण गाण्यांतली आवड सांगितली कीं त्याची सारी अभिरुचि तराजूंत पडते. त्यांतून ती आवड ‘रॉक’ नांवाच्या पाश्चात्त्य संगीताची असली आणि माणूस अमळनेरचा असला, तर विचारूंच नका! बोरीकांठची संत सखाराम महाराजांची समाधि, १९१६ सालीं स्थापन झालेलें तत्त्वज्ञान मंदिर आणि १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजींनीं जेथें शिकविलें ती शाळा, हीं ज्या गांवचीं भूषणें, तेथल्या माणसानें विजेच्या गिटारीचें कौतुक सांगावें काय? तरीहि तें धाडस मी आज करणार आहें.

प्रथम ‘आल्बम’ या शब्दाचा उलगडा करूं. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणें मावे. तासभर रंगणारा राग आपल्या थोर गवयांनीं एवढ्याशा वेळांत बसविला, तो या अडचणीमुळेंच. एखादी मोठी रचना द्यावयाची म्हणजे पांचसहा तबकड्या लागत, आणि त्या पाकिटांच्या जाड पुठ्ठ्याच्या वहींत घालून विकीत. ती वही फोटोंच्या वहीसारखी दिसे, म्हणून तिला आल्बम म्हणूं लागले. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटाला सुमारें ३३ फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीसबावीस मिनिटें मावूं लागलीं. वही गेली, नांव मात्र राहिलें. संगीत नाटकांत नांदी कोठें आणि भैरवी कोठें हें ठरलेलें असतें. तसा गाण्यांचा क्रम योजून सलग चाळीस मिनिटांचा एक प्रयोग उभा करण्याची सोय आतां झाली.

या सोईचा पुरेपूर उपयोग करणारी माझी पहिली तबकडी म्हणजे बीटल्स मंडळींची १९६७ सालची ‘सार्जंट पेपर’. याच चौघांनीं १९६३ सालीं आपल्या पहिल्या दीर्घ तबकडीचीं दहा गाणीं एका दिवसांत मुद्रित केलीं होतीं. या तबकडीस त्यांना चार महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यांच्याजवळच्या यंत्रांत फितीवर चारच आवाज वेगवेगळे घेतां येत. चारहि भरले म्हणजे ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका पट्टीवर उतरवावयाचे, आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुन्हां नवे आवाज चढवावयाचे, अशी ती खटपट होती.

माझ्या थोरल्या भावानें ही तबकडी १९७२ च्या दिवाळींत मुंबईहून आणली. आमचे बापू गिरणींत कारकून. घरीं पेटीवर नाट्यपदें म्हणणारे. पहिलें गाणें संपतांच ते उठले. “दिवसभर गिरणीचा खडखडाट ऐकतों, तेवढा पुरे,” म्हणाले. आजीनें आंतून “हाई काय शे?” म्हणून विचारलें, त्याला कोणीच उत्तर दिलें नाहीं. त्या दिवसापासून बापू घरांत नसतील तेव्हांच ती लावावयाची, असा दंडक पडला. बापूंच्या पेटीवर आणि माझ्या तबकडीवर एकाच वेळीं झांकण उघडें नसे. आम्हां दोघांचें बोलणेंहि तेव्हांपासून कमीच झालें.

एके संध्याकाळीं बापू लवकर घरीं आले. मी दुसरी बाजू लावून बसलों होतों. त्या बाजूचें पहिलें गाणें जॉर्ज हॅरिसनचें आहे. त्यांत विजेची गिटार नाहीं. लंडनमधील हिंदी वादकांनीं वाजविलेले तंबोरा, तबला आणि दिलरुबा आहेत. खरें सांगावयाचें तर मला तें गाणें कंटाळवाणें वाटे, आणि सुई नेहमीं मी पुढच्या गाण्यावर ठेवीत असें. त्या दिवशीं आळसानें तसें केलें नाहीं, इतकेंच. बापू छत्री हातांत तशीच धरून दारांत उभे राहिले. मधल्या वाद्यांच्या भागांत त्यांचीं बोटें छत्रीच्या मुठीवर चालूं लागलीं. “झपताल आहे,” ते म्हणाले. “दहा मात्रा बरोबर येतात. पुन्हां लाव.”

मी पुन्हां लावली. माझ्याच तबकडींतलें मला न समजलेलें गाणें मला बापूंनीं समजाविलें.

दुसरी तबकडी बापूंनीं स्वतः मागविलेली. बांगला देशाच्या संकटांत सुमारें एक कोटी निर्वासित भारतांत आले. त्यांच्या मदतीसाठीं पंडित रविशंकर आणि हॅरिसन यांनीं १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें दोन जलसे केले. त्यांच्या तीन तबकड्यांचा हा संच. पहिली बाजू सतार, सरोद आणि तबला यांची. वादकांनीं वाद्यें लावून घेतलीं आणि तेंच वादन समजून श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला! बापू प्रथम खूप हंसले; मग म्हणाले, “पण ऐकावयास बसले तर खरे.” तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर मुलांच्या मदतीसाठीं गेले. या संगीतांत कळवळा नाहीं, हा आपला आक्षेप बापूंनीं त्यानंतर पुन्हां कधीं काढला नाहीं.

तिसरी तबकडी क्वीन मंडळींची, १९७५ सालची ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’. तींतील एक गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें. त्यांतला भव्य गायकवृंद म्हणजे वस्तुतः तिघांचेच गळे. आवाजावर आवाज चढवितां चढवितां फीत झिजून गेली. त्यांचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा. हा पारशी मुलगा पांचगणीच्या शाळेंत वाढला आणि पियानोहि तेथेंच शिकला. ही गोष्ट मला फार उशिरां कळली. बापू तेव्हां नव्हते. कळतांच प्रथम वाटलें तें हें, कीं ही बापूंना सांगावयास हवी होती.

‘सार्जंट पेपर’च्या त्या प्रतीवर दुसऱ्या बाजूस, दुसऱ्या गाण्याच्या आरंभीं, एक ओरखडा आहे. घाईनें सुई टेकवीत असें, त्याची ती खूण. हल्लीं गाणें वगळावयास ओरखडाहि पडत नाहीं. माझा नातू बोटानें नुसता स्पर्श करतो. त्याला मी एवढेंच सांगतों, आणि आपणांसहि तेंच सांगतों : आपल्या आवडीची एक बाजू आरंभापासून शेवटपर्यंत, कांहीं न वगळतां, घरांतल्या दुसऱ्या कोणाबरोबर ऐका. आपण जें नेहमीं वगळतों, तेंच कदाचित् त्याला कळत असेल.