मैत्रीला किती तास लागतात?

जून-जुलैत पुण्यात ‘कॉट बेसिस’च्या पाट्यांखाली गर्दी होते. लातूर, नांदेड, जळगाव, सांगलीहून मुलं-मुली येतात. कुणी शिकायला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला, कुणी पहिल्या नोकरीला. खोली मिळते, मेस लागते. मित्र मात्र मिळत नाहीत. मग कुणी स्वतःच्या बुजऱ्या स्वभावाला दोष देतो, कुणी शहराला. समाजमानसशास्त्रातल्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या अभ्यासांनी वेगळ्याच गोष्टी मोजल्या आहेत: माणसं एकमेकांच्या वाटेत किती वेळा येतात आणि किती तास एकत्र घालवतात.

जिना कुठे आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विवाहित विद्यार्थ्यांसाठी ‘वेस्टगेट’ नावाची वसाहत उभी राहिली. घर निवडायची मुभा नव्हती. जे रिकामं असेल त्यात राहायचं. लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांना असा आयताच प्रयोग मिळाला. वसाहतीत तुमची ऊठबस कुणाशी जास्त, एवढंच त्यांनी रहिवाशांना विचारलं. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, लगतच्या दारातल्या शेजाऱ्याचं नाव येण्याचं प्रमाण 41 टक्के होतं, तर त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याचं 10 टक्के. मधलं अंतर जेमतेम चार दारांचं! त्याहून मजेशीर गोष्ट जिन्याची. तळमजल्यावर जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री होती, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरून जात-येत होती.

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला याचं नवल वाटणार नाही. 1920च्या दशकातल्या बीडीडी चाळींमध्ये खोली 160 चौरस फुटांची, शौचालय सामाईक, आणि मजल्यावरची सगळी दारं एकाच बोळात उघडणारी. कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत कामाला आलेला माणूस आधी गाववाल्यांच्या खोलीत टेकायचा आणि पाण्याच्या निमित्तानं अख्ख्या मजल्याच्या ओळखीचा व्हायचा. खासगीपणा गमावून मिळालेली ही सोबत होती, हेही खरं. लिफ्टमधून थेट आपल्या मजल्यावर उतरणाऱ्याच्या वाट्याला असे रोजचे, न ठरवलेले प्रसंग फारसे येत नाहीत.

अशीच जवळीक कागदावरच्या क्रमानंही घडते. मॅडी सीगल यांनी 1974 मध्ये मेरीलँडच्या पोलिस प्रशिक्षणार्थींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रशिक्षणार्थींना खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावांच्या वर्णक्रमानं दिल्या होत्या. पुढे प्रत्येकानं जवळच्या मित्रांची नावं लिहिली, तेव्हा ती आडनावंही वर्णक्रमात शेजारशेजारचीच निघाली. रोल नंबर लागून आल्यामुळे प्रॅक्टिकलच्या एकाच बॅचमध्ये पडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तासांचा हिशेब

नुसतं समोर येणं पुरतं का? कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये याचा हिशेब मांडला. गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या 355 प्रौढांना त्यांनी एका नव्या ओळखीबद्दल विचारलं. सोबतीला विद्यापीठात नव्यानं आलेल्या 112 विद्यार्थ्यांचा नऊ आठवडे मागोवा घेतला. त्यातून असा अंदाज निघाला: तोंडओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे 50 तास, ‘हा माझा मित्र’ म्हणावंसं वाटायला सुमारे 90, आणि जिवलग व्हायला 200हून अधिक. हे सरासरी अंदाज आहेत, तेही अमेरिकेतले. घड्याळ लावून बसायचं कारण नाही.

पण सगळे तास सारखे मोजले जात नाहीत. एका ऑफिसात किंवा वर्गात शेजारी बसून काढलेल्या वेळाचं वजन कमी पडलं. रिकामपणी एकत्र भटकण्याचं, खेळण्याचं, काही पाहण्याचं जास्त. हवापाण्याच्या गप्पांनी जवळीक वाढली नाही. थट्टामस्करी, ‘काय चाललंय सध्या’ अशी आपुलकीची विचारपूस आणि मनातलं बोलणं यांनी वाढली. म्हणूनच वर्षभर शेजारच्या डेस्कवर बसलेला माणूस सहकारीच राहू शकतो.

वटवाघळांची सावध मैत्री

नव्या जागी परक्यांशी जुळवून घेण्याची वेळ माणसावरच येते असं नाही. रक्तावर जगणारं एका जातीचं वटवाघूळ सलग तीनेक रात्री उपाशी राहिलं तर मरतं. त्यामुळे पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला स्वतःच्या पोटातलं रक्त उलटून पाजतं. जेराल्ड कार्टर आणि सहकाऱ्यांनी पनामातल्या दूरदूरच्या ठिकाणांहून पकडलेली अनोळखी वटवाघळं एकत्र ठेवली. 2020 मध्ये आलेल्या या अभ्यासात सुरुवात एकमेकांचं अंग चाटून साफ करण्यापासून झाली. त्यात खर्च थोडा, धोका कमी. ही देवघेव वाढत गेली आणि काही जोड्यांमध्ये पुढे रक्त देण्यापर्यंत मजल गेली. आधी थोडं द्यायचं, प्रतिसाद बघायचा, मग जास्त द्यायचं. पहिल्याच भेटीत आयुष्याची कहाणी सांगून टाकणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. वर्षभर एकही प्रश्न न विचारणाऱ्यांनीही.

माणसाची अडचण अशी, की प्रतिसाद बघण्यातच तो चुकतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी लोकांना आपसांत बोलायला लावलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण जितके आवडलो असं लोकांना वाटत होतं, त्याहून ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही हा गैरसमज कित्येक महिने टिकला. पहिल्या गप्पांनंतर ‘आपण फारच बावळटासारखं बोललो’ असं वाटलं, तर तोच विचार बहुधा समोरचाही करत असतो.

मग करायचं काय?

मित्र शोधत फिरण्यापेक्षा आठवड्यातली एक जागा आणि एक वेळ पक्की करणं सोपं. पुण्यातलं ढोल-ताशा पथक हे याचं चांगलं उदाहरण. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी सराव चालतो. तीच माणसं, तोच ढोल, सरावानंतरचा चहा. रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस धरले तरी आठ आठवड्यांत 80 तास होतात. उलट दर रविवारी नव्या ग्रुपबरोबर ट्रेकला गेलं तर गड पाहून होतात, पण प्रत्येक ओळख पुन्हा पहिल्या तासापासून सुरू होते. आठवड्याला दोनच तास देता येत असतील तर 50 तास भरायला 25 आठवडे, म्हणजे जवळपास सहा महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात एकटं वाटलं तर स्वभावाची उलटतपासणी करण्याआधी ही बेरीज करावी. आणि क्लास, वाचनकट्टा, भजनी मंडळ, बॅडमिंटनचं कोर्ट यांतून निवड करताना एक प्रश्न पुरे: पुढच्या आठवड्यात तीच माणसं इथे असणार आहेत का?